एक अंश उतार

साकीनाक्याच्या त्या गल्लीत, जिथे सकाळी अकरालाही
ट्यूबलाइट लावूनच दिसतं,
परकार मेस्त्रींनी माझं ड्रॉइंग उलटं धरलं,
सुलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"दिसतोय छान. साच्यात जाईल.
बाहेर कसा येईल?"

पवईत दीड वर्ष काढलं होतं मी.
रंगीत चिठ्ठ्यांनी स्टुडिओची भिंत भरली होती,
'वापरणाऱ्याच्या जागी उभे राहा' हे वाक्य
तीन विषयांच्या तीन वह्यांत लिहून घेतलं होतं,
आंघोळीच्या एका मगाचे एकोणीस कान
फोममध्ये कोरून, पॉलिश पेपरने घासून
खिडकीच्या कट्ट्यावर मांडले होते.
आणि मगाच्या बाजू सरळ ठेवल्या होत्या, काटकोनात,
कारण स्क्रीनवर सरळ रेघ देखणी दिसते.

"एक अंश तरी उतार दे," मेस्त्री म्हणाले,
"नाहीतर प्लास्टिक लोखंडाला धरून बसतं.
माल असो की माणूस,
सुटायला थोडी जागा लागतेच."
हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत,
लेथवरच्या पोऱ्याने मानही वर केली नाही.

मग होता चुरीबाईंसाठी.
कुमुदिनी चुरी, दहिसर, वय एकाहत्तर.
गोदीच्या कचेरीत तेहतीस वर्षं टायपिस्ट.
मिनिटाला पंचावन्न शब्द मारणारी बोटं
आता सकाळी साडेनऊपर्यंत मिटत नाहीत.
मी त्यांचा अंगठा व्हर्नियरने मोजला,
प्रत्येक पेर, आतून, बाहेरून.
"बांगडी भरतेयस की काय?" म्हणाल्या,
आणि दुसरा हात आपणहून पुढे केला.

फेब्रुवारीत पहिला शॉट पडला.
मशीन उघडलं आणि मग सुटला, खरंच सुटला.
मेस्त्रींनी ब्लेडने कडेचा पापुद्रा काढून
तसाच माझ्याकडे टाकला.
तव्यावरून उतरलेल्या भाकरीसारखा तो
मी या हातातून त्या हातात झेलत राहिले.

तक्त्यात तो अकरा रुपये चाळीस पैसे:
दाणा, वीज, मजुरी, घसारा, खोका.
ज्यूरीपुढे मी बाजारपेठेचा आकडा सांगितला,
तो मलाही मोठा वाटला.
सर म्हणाले, कानाचा विचार परिपक्व आहे.

चुरीबाईंनी मग बादलीत बुडवला.
कान धरला, सहज धरला,
उचलला,
आणि अर्धं पाणी परत बादलीत ओतलं.
"कान झकास आहे गं," म्हणाल्या,
"पण एवढं पाणी उचलायचं कोणी?"

सात महिने.
एकोणीस कान.
पाण्याला वजन असतं हे
एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

परत साकीनाका.
"लोखंड काढायचं असतं तर सोपं होतं,
हे भरायचं काम," मेस्त्री म्हणाले.
"मादीत ठोकळा बसवू, नर घासू. सहा हजार."
मग माझ्या सॅककडे बघून,
"आत्ता चार दे. बाकीचे नोकरी लागल्यावर."

एक लिटरचा मग साडेचारशेवर आला.
व्यवस्थापन शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं,
"पैसे जवळपास तेवढेच आणि मग निम्मा,
दुकानदार हा शेल्फवर का ठेवेल?"
प्रश्न बरोबर होता.
त्याची स्लाइड माझ्याकडे नव्हती, अजून नाही.

काल साचा बघायला गेले होते.
तेलकट, जड, दोघांना मिळून उचलावा लागतो.
पाठीवर जिथे जॉब नंबर असतो
तिथे मेस्त्रींनी खडूने लिहून ठेवलंय,
बाईंची आंघोळ.

मी ते पुसलं नाही.
प्रबंधाचं शीर्षक शुक्रवारपर्यंत द्यायचंय.